आडुतुरैला पोचलेलं पाणी

कुंभकोणातल्या निम्म्या कारकुनांना टायपिंग शिकवलेला माणूस मोबाईलवर एका बोटाने अक्षरं शोधत होता, आणि त्याची बायको केळफूल सोलता सोलता ते बघून हसत होती. सेतुरामची टायपिंगची शाळा मोठ्या बाजारामागे चांगली वीसपंचवीस वर्षं चालली. मग कॉम्प्युटर आले, पोरं यायची थांबली, यंत्रं भंगारात गेली. एक तेवढं त्याने ठेवून घेतलं. ते अजून माजघरात कापडाखाली झाकलेलं असतं आणि नवख्या पाहुण्यांना वाटतं, आत देव आहेत.

"दहाहि बोटें चालवा म्हणून पोरांच्या हातावर पट्टी मारीत होतां," राजेश्वरी म्हणाली. "आतां तुम्हांला कोण मारणार?"

"उगी राहा गे," सेतुराम म्हणाला.

एरवी त्यानेही काहीतरी परतवलं असतं. घरातलं मराठी त्या दोघांत असं टोमण्यांवरच जिवंत होतं, उंबऱ्याबाहेर पडलं की सगळं तमिळ. पण आज त्याचं लक्ष नव्हतं. त्याला एका मुलीच्या आईचं नाव हवं होतं, आणि ते सर्वपित्री अमावास्येच्या आत हवं होतं.

मुलगी बॅडमिंटन खेळणारी. देशोदेशी जाणारी, टीव्हीवर दिसणारी. पितृपक्ष लागायच्या थोडं आधी एका दुपारी राजेश्वरी आपली मालिका शोधत चॅनेल बदलत होती, तेव्हा ती पडद्यावर आली. पिवळा शर्ट, काळी सावळी, उंच. खाली नाव आलं : एम. नित्या. सर्व्हिस करण्याआधी ती कडेला गेली, बाटलीतलं पाणी डाव्या तळहातावर ओतलं, आणि बाटली तोंडाला न लावता त्या तळहातातून प्यायली. बोलणारा म्हणाला, ही तिची जुनी सवय आहे, प्रत्येक सामन्याआधी असंच करते, खेळाडूंच्या अशा श्रद्धा असतात. मग खेळ सुरू झाला. मुलगी डावखुरी. एक सोपा गुण तिने घालवला तेव्हा खालचा ओठ दाताखाली धरून तिने वर छताकडे पाहिलं, जणू चूक छताचीच.

सेतुरामच्या हातातला कॉफीचा टंबळर तसाच राहिला.

राजेश्वरी मालिका शोधायची विसरली. मग हळूच म्हणाली, "हें वाणीचें तोंड आहे की."

त्या घरात हे नाव कितीतरी वर्षांनी उच्चारलं गेलं. उच्चारायला बंदी होती असं नाही, पण ते नाव घ्यायची जागा ठरलेली होती : कावेरीचा घाट, वर्षातून एकदा, दक्षिणेकडे तोंड करून, हातात दर्भ आणि तीळ घेऊन.

वाणी सेतुरामची धाकटी बहीण, त्याला अण्णा म्हणणारी. शाळेत होती तेव्हापासून बॉल बॅडमिंटन खेळायची. पिवळ्या लोकरीचा चेंडू, लाकडी रॅकेट, संध्याकाळी उशिरापर्यंत मैदान. तंजावरच्या या जुन्या खेळाचं वडलांना, म्हणजे अप्पांना, कौतुक होतं. आपले लोक राजवाड्यात खेळायचे म्हणून ते चारचौघांत सांगायचे. मुलीच्या डाव्या हाताचं मात्र नाही. जेवताना तो हात त्यांनी मारून मारून उजवा केला. मैदानावर तो डावाच राहिला, कारण मैदानावर अप्पा येत नसत. तिथे असायचे ते शाळेचे खेळाचे मास्तर, मुरुगेसन.

कॉलेज संपल्यावर एका संध्याकाळी वाणीने अप्पांसमोर मुरुगेसनचं नाव घेतलं. अप्पांनी एकच प्रश्न विचारला. उत्तर ऐकल्यावर दुसरा प्रश्न विचारायची त्यांना गरज वाटली नाही. पुढे महिन्याभराने घरचे सगळे गोविंदपुरम्‌ला विठ्ठलाच्या भजनाला गेले. डोकं दुखतं म्हणून वाणी मागे राहिली. परत आले तर दाराला कुलूप आणि किल्ली शेजारी. कोणी म्हणालं कोइंबतूरला गेली, कोणी म्हणालं त्याच्याही पुढे.

अप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं सेतुरामला पुढे अनेकदा वाटलं. त्या वर्षी सर्वपित्रीला ते घाटावर गेले, आईवडलांचं, आजोबापणजोबांचं पाणी सोडलं, चुलते, मावश्या, सगळ्यांची नावं घेतली, आणि शेवटी म्हणाले, "भारद्वाज गोत्राची, वाणी." भटजी थबकले. जित्या पोरीला तिळाचं पाणी? अप्पांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. घाट माणसांनी भरलेला होता. सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांनी ऐकावं म्हणूनच ते होतं. आणि गोत्रही बापाचंच दिलं, म्हणजे लग्न झालंच नाही. कुमारिका होती, ती गेली.

अप्पा गेल्यावर सेतुरामकडे घर आलं, देवघर आलं आणि पाणी सोडायची नावंही आली. तो ती पाठ केल्यासारखी म्हणू लागला. भटजींच्या जागी त्यांचा मुलगा गुरुमूर्ति आला, त्यालाही नावं तोंडपाठ झाली. सेतुराम चुकला की तो पुढचं नाव सांगायचा. वाणीचं नाव सगळ्यात शेवटी येई आणि सेतुरामला ते आलं की बरं वाटे, कारण मग घरी जाऊन जेवता येई.

खरी गोष्ट अशी की त्याला ती मेलीच आहे असं वाटू लागलं होतं. कोणी ठरवून फसवलं नव्हतं. दरवर्षी एखाद्याला पाणी सोडत राहिलं की मन तेच धरून बसतं. स्वप्नात वाणी यायची तीही आजीच्या आणि अम्माच्या शेजारी बसलेली, गेलेल्या माणसांत. ती कुठेतरी बाजारात वांगी निवडत असेल, पोरीची वेणी घालत असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मग टीव्हीवर एक मुलगी छताकडे बघते काय, आणि एवढ्या वर्षांचं सगळं हलून जातं.

"ती जिती असली तर?" तो त्या दिवशी राजेश्वरीला म्हणाला. "जित्या बहिणीला मी तीळपाणी देत आलों?"

"तर यंदा देऊं नका," राजेश्वरी म्हणाली. तिच्या दृष्टीने प्रश्न सोपा होता.

"आणि गेली असली तर? मग सोडलें नाहीं तर तें पाप."

"तर आधीं शोधा की."

म्हणून तो शोधत होता.

पहिल्याच दिवशी त्याने मुलीचं नाव इंग्रजीत टाइप केलं, आणि पुरतं टाइप व्हायच्या आत मोबाईलने खाली आपणहून सुचवायला सुरुवात केली, लोक काय काय शोधतात ते. एम. नित्या वय. एम. नित्या लग्न. एम. नित्या जात.

सेतुरामने बोट मागे घेतलं. कोणी बघितलं की काय म्हणून त्याने दाराकडे पाहिलं. अप्पांचाही हाच प्रश्न होता. माणूस कसा आहे, काय खातो, पोरीशी कसा बोलतो, हे त्या घरात कोणी विचारलंच नव्हतं. आणि आता हजारो अनोळखी माणसं त्या पोरीला तेच विचारत होती, तेही तिने पदक जिंकल्यावर. त्याला शरम वाटली. अप्पांचीही वाटली आणि मोबाईलचीही, पण सगळ्यात जास्त स्वतःची. कारण त्या ओळीवर दाबलं तर उत्तर लवकर मिळेल, असं क्षणभर त्याच्याही मनात आलं होतं.

त्याने दाबलं नाही. इतर पानं उघडली. पानांना तोटा नव्हता. एकाने तिची उंची दिली होती, बुटाचं माप दिलं होतं, आवडता रंग निळा म्हणून सांगितलं होतं. आईच्या नावापुढे लिहिलं होतं : गृहिणी. दुसऱ्याने आईचं नाव लक्ष्मी दिलं. तिसऱ्याने एका गोऱ्यापान बाईचा फोटो लावला होता, तो बघून राजेश्वरी म्हणाली, ही तर साडीच्या जाहिरातीतली. चौथ्याच्या मते मुलगी मूळची केरळची. एका जागी तिच्या घराण्याबद्दल दोन गट आपसांत भांडत होते, ती आमची, नाही आमची, आणि खाली कोणीतरी दोघांच्या आयांचा उद्धार केला होता. वडलांचं नाव एकाच पानावर होतं : मुरुगेसन, निवृत्त शिक्षक.

ते वाचून त्याने राजेश्वरीला हाक मारली. पण मुरुगेसन नावाचे शिक्षक तमिळनाडूत शेकड्याने सापडतील, हे त्यालाही कळत होतं. आईचं नाव कुठेच नव्हतं. जगाला त्या मुलीचा बुटाचा नंबर माहीत होता आणि तिला जन्म दिलेल्या बाईचं नाव माहीत नव्हतं.

अमावास्या जवळ येत गेली. रोज दुपारी जेवण झालं की तो बाहेरच्या ओट्यावर बसायचा, चष्मा नाकावर, मोबाईल नाकाला लागेल इतका जवळ. आणि त्या दुपारी, केळफूल सोलून झाल्यावर, हाताला लागलेला चीक खोबरेल तेलाने पुसत राजेश्वरी येऊन शेजारी बसली.

"इंग्रजींत कशाला शोधतां?" ती म्हणाली. "तिची आई काय इंग्रजींत राहिली? तमिळांत घाला."

सेतुराम तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने अक्षरं बदलली आणि तमिळमध्ये लिहिलं : नित्या, बॅडमिंटन, अम्मा.

एक व्हिडिओ आला. मोठ्या चॅनेलचा नव्हता. जिल्ह्यातलाच कोणीतरी, एक माईक आणि एक मोबाईल घेऊन गावोगाव हिंडणारा. पाहणारेही फार नव्हते. खाली लिहिलं होतं, आपल्या आडुतुरैची मुलगी घरी आली.

"आडुतुरै?" सेतुराम म्हणाला.

आडुतुरै म्हणजे कुंभकोणाहून मायिलाडुतुरैच्या रस्त्यावर बसने अर्धा तास. भात संशोधन केंद्र आहे ते गाव. गेल्याच वर्षी तो तिथे एका ओळखीच्या मुलाच्या लग्नाला गेला होता, पंगतीत जेवला होता, विडा खाऊन बस धरून परत आला होता.

राजेश्वरीने व्हिडिओ चालू केला.

साधं घर, निळ्या रंगाची भिंत. नित्या खुर्चीत बसलेली, केस ओले. कोपऱ्यात एक म्हातारा माणूस मांडीवर हात ठेवून. आणि भिंतीवर फोटो. फोटोला हार. बोलणं सुरू होण्याआधीच दोघांनी तो हार पाहिला.

बाईचे केस पांढरे झाले होते. गाल भरले होते. कपाळावर कुंकू ठसठशीत. पण खालचा ओठ किंचित दुमडलेला, फोटो काढणाऱ्याची काही चूक झाली असावी तसा. राजेश्वरीने तोंडाला पदर लावला.

सेतुरामला आधी कळेचना की आपण काय बघतोय. ती मेलेली आहे हे तर त्याला नेहमीच माहीत होतं. मग आता छातीत हे काय फाटतंय?

मुलाखत घेणाऱ्याने तमिळमध्ये विचारलं, घरात आधी कोणी खेळणारं होतं का?

"अम्मा," नित्या म्हणाली. "कुंभकोणात शाळेत असताना बॉल बॅडमिंटन खेळायची. मला पहिली रॅकेट तिने दिली. डाव्या हाताने खेळते म्हणून कोणी मला बोललं तर ती त्याच्याशी भांडायची."

आणि ते सामन्याआधी हातातून पाणी पिता, ते काय आहे?

मुलगी हसली. मग कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडे तिने पाहिलं, आणि त्याने मान हलवल्यावर ती सांगू लागली.

"अम्मा मराठी. तंजावरच्या जुन्या मराठी लोकांतली. माझ्या अप्पांशी लग्न केलं म्हणून तिच्या वडलांनी ती जिवंत असताना तिचं तर्पण केलं. कावेरीच्या घाटावर, सगळ्या गावासमोर. कोणीतरी येऊन तिला सांगितलं. पुढे आजोबा गेले, तरी मामा दरवर्षी महालय अमावास्येला तिला पाणी देतात, हेही तिला कळलं. कुंभकोणची बातमी आडुतुरैला यायला कितीसा वेळ लागतो! माझ्या लहानपणीच आम्ही इथे राहायला आलो होतो."

मग तुमच्या आईला राग नाही आला?

"मला यायचा. तिला नाही. दरवर्षी त्या दिवशी सकाळी ती मला घेऊन इथल्या कावेरीवर जायची. गुडघाभर पाण्यात उभी राहायची. कुंभकोणचं पाणी इथेच तर येतं. मामांनी सोडलेलं पाणी आता पोचलं असेल एवढा वेळ थांबायची, आणि मग डाव्या तळहातात पाणी घेऊन प्यायची. मलाही पाजायची. म्हणायची..." इथे मुलगी तमिळ सोडून मराठीत बोलली, अगदी त्यांच्या घरातल्या मराठीत, "अण्णानें पाठविलें आहे. पी."

सेतुरामच्या हातून मोबाईल ओट्यावर पडला. पालथा पडला, तरी आवाज चालूच होता.

"तिचं म्हणणं, बाकी सगळे विसरले. अण्णा वर्षातून एकदा तरी माझं नाव घेतो. खणखणीत आवाजात, गोत्रासकट. कुठल्या भावाला जमतं? मी लहान होते, मला ते खरंच वाटायचं, मामा आमच्यासाठी पाणी पाठवतात. मोठी झाल्यावर सगळं समजलं. पण तोवर सवय झाली होती. त्या पाण्याशिवाय मी सामन्याला उतरत नाही."

नित्याच पुढे बोलली. यंदाच पंगुनी महिन्यात, पाडव्याच्या सुमारास, अम्मा गेली. मूत्रपिंडाचं दुखणं. कुंभकोणला मोठ्या दवाखान्यात नेऊ म्हटलं तर हसून म्हणाली, त्या गावात मी मेलेली आहे, मेलेल्या माणसाला कोण तपासणार? शेवटी शेवटी नित्याच्या अप्पांनी तिला विचारलं, तुझ्यामागे तुझं पाणी कोण सोडणार, आपल्याला तर ही एकच पोर. तर म्हणाली, त्याची काळजी करू नका, माझं अण्णा करतो.

व्हिडिओ संपला. रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला. समोरच्या घरात कुकरची शिटी झाली.

राजेश्वरी रडत होती. सेतुराम रडला नाही. तो आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसला. त्याने दरवर्षी जे नाव जेवणाची घाई करत, पाठ म्हटल्यासारखं घेतलं होतं, त्याची अर्ध्या तासावर कोणीतरी वाट बघत होतं. त्याचा कोरडा आवाज तिने खणखणीत मानला होता. इतकी वर्षं ती जिवंत होती, बसच्या दहाबारा थांब्यांवर, आणि त्याने एकदाही कोणाला विचारलं नव्हतं. अप्पांना भिऊन नव्हे. अप्पा तर केव्हाच गेले होते. विचारायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही, आणि याची क्षमा कोणाकडे मागायची हेही त्याला कळेना.

"फोन करा," राजेश्वरी डोळे पुसून म्हणाली.

"कोणाला? काय तोंडानें?"

तिने वाद घातला नाही. व्हिडिओखाली त्या मुलाखत घेणाऱ्याचा नंबर होता, तो तिने स्वतःच लावला. आपण मुलीची मामी आहोत असं स्वच्छ तमिळमध्ये सांगितलं, आणि समोरचा गडबडला तेव्हा पुन्हा एकदा सांगितलं. मग मिळालेल्या नंबरवर फोन लावला आणि तो सेतुरामच्या कानाला धरला.

नित्या परदेशात सामन्याला गेली होती. फोन म्हाताऱ्याने घेतला.

"कोण बोलतंय?"

"कुंभकोणम्," सेतुराम म्हणाला. "सेतुराम."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नित्याचा सामना बघितलात का?" मुरुगेसनने विचारलं.

"बघितला." सेतुरामला खूप काही बोलायचं होतं, पण जिभेवर एकच गोष्ट आली. "तिचं पाणी... मी इतकी वर्षं... मला माहीत नव्हतं. परवा अमावास्या आहे. यंदा मी सोडू की नको, तुम्ही सांगा. तो हक्क तुमचा आहे."

मुरुगेसनचा आवाज शिक्षकाचा होता, सावकाश, शब्द सुटे करून बोलणारा.

"यंदा सोडा," तो म्हणाला. "यंदा मात्र सोडा, मच्चान."

मच्चान म्हणजे बायकोचा भाऊ. या शब्दाने त्याला आजवर कोणी हाक मारली नव्हती. मारायचा हक्क जगात एकाच माणसाचा होता. पाणी सोडून तसेच आडुतुरैला येतो, असं सेतुराम कसंबसं म्हणाला आणि त्याने फोन राजेश्वरीच्या हातात दिला.

अमावास्येच्या सकाळी घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. कावेरी भरून वाहत होती. पायऱ्यांवर ओळीने माणसं बसलेली, प्रत्येकापुढे एक भटजी, प्रत्येकाच्या ओठांवर कोणाची तरी नावं. राजेश्वरी वरच्या पायरीवर पिशवी घेऊन उभी होती. पिशवीत नित्यासाठी तिने केलेले लाडू होते आणि मुरुगेसनसाठी नवी वेष्टी, काठाचं धोतर. इथूनच बस धरायची असं ठरलं होतं.

सेतुरामने जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, दर्भ बोटात घातला. गुरुमूर्तिने सुरुवात केली. आईवडील, आजी-आजोबा, पणजोबा. चुलते. मावश्या. तीळ, पाणी, तीळ, पाणी. गुरुमूर्तिचे आणखी दोन यजमान खोळंबलेले, त्यामुळे तो घाईत होता. शेवटी आल्यावर त्याने सवयीप्रमाणे आपणच सांगितलं, "भारद्वाज गोत्राची, वाणी. सोडा."

सेतुरामचा हात हलला नाही.

"सोडा की," गुरुमूर्ति म्हणाला.

"भारद्वाज नव्हे," सेतुराम म्हणाला. "लग्न झालेलें आहे तिचें. मुरुगेसनची बायको."

गुरुमूर्तिने मान वर केली. शेजारच्या पायरीवरचे दोघेतिघे वळून बघू लागले. अप्पांनी जसं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं, तसंच सेतुरामने म्हटलं होतं.

"त्यांचें गोत्र काय?"

"ठाऊक नाहीं."

"ठाऊक नसलें तर काश्यप म्हणायचें," गुरुमूर्ति जरा थांबून म्हणाला. "शास्त्र आहे. काश्यप गोत्राची, मुरुगेसनची पत्नी, वाणी. म्हणा."

सेतुरामने म्हणायला तोंड उघडलं. काश्यप गोत्राची, एवढं आलं. मुरुगेसनची पत्नी, एवढंही आलं. पुढचं नाव येईना. इतकी वर्षं सगळ्यात सोपं गेलेलं नाव. त्याने पुन्हा प्रयत्न केला, आणि मग साठीचा तो माणूस भरल्या घाटावर हुंदके देऊन रडू लागला. हातातले तीळ ओले होऊन तळव्याला चिकटले. त्या रडण्यातच कधीतरी नाव बाहेर पडलं, आणि त्याने पाणी सोडलं. एकदा, दोनदा, तीनदा.

गुरुमूर्ति घाई विसरला. त्याने सेतुरामच्या पाठीवर हात ठेवला.

"अण्णा, काय झालें? ह्या नावाला इतकीं वर्षें तुमचा आवाज एकदांहि हलला नाहीं. कधीं गेली बहीण?"

सेतुराम प्रवाहाकडे बघत होता. तीळ घाटापासून सुटले होते आणि पूर्वेकडे, आडुतुरैच्या बाजूला निघाले होते. पण आज तिथे पाण्यात कोणी उभं नव्हतं.

"आजच," तो म्हणाला.